‘रिअल रिस्क’ म्हणजे नेमका किती धोका?

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू हातात कागद घेऊन आल्या. काकांचं एक छोटं ऑपरेशन ठरलंय. दवाखान्यानं कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, घरी वाचायला दिला होता, दोन पानांचा, बारीक टायपातला, अर्थात इंग्रजीत. काकू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, इंग्रजी व्यवस्थित वाचतात. तरी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे पाय ना. इथं वर ‘रेअर’ म्हणते, आणि खाली त्याच गोष्टीला ‘रिअल रिस्क’ म्हणते. दुर्मीळ आहे की खरं आहे? मला तर काही समजून नाही राहिलं.”

मी भाषांतरं करते. विम्याचे कागद, कोर्टाचे निकाल, औषधांच्या चिठ्ठ्या असलं सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे मी पटकन म्हणून गेले, “दोन्ही आहे, काकू.” त्यांचा चेहरा आणखी पडला. मग चहा ठेवला आणि सविस्तर बोललो. ते बोलणं इथे जरा नीट मांडते, कारण हा घोळ एकट्या काकूंचा नाही. उन्हाळ्यात हवामानाचा इशारा, पावसाळ्यात पुराचा, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतलं ते घाईघाईत म्हटलेलं वाक्य, सगळीकडे धोका सांगणारे शब्द जोडीनं येतात. आणि मूळ इंग्रजी जोडी न कळल्यानं आपण कधी उगाच घाबरतो, कधी उगाच निवांत राहतो.

शब्दांची संगत

मराठीत वारा सोसाट्याचा सुटतो आणि पाऊस मुसळधार पडतो. उलट करून पाहा: मुसळधार वारा, सोसाट्याचा पाऊस. व्याकरणाची चूक एकही नाही, पण कान लगेच हरकत घेतो. ऊन रणरणतं, थंडी कडाक्याची, झोप गाढ, शांतता नीरव. या जोड्या कुणी नियम करून ठरवलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बोलून बोलून त्या बसल्या. भाषाशास्त्रात याला ‘कोलोकेशन’ म्हणतात. आपण शब्दजोडी म्हणू आणि तो अवघड शब्द इथेच सोडून देऊ.

या कल्पनेला भाषाशास्त्रात जागा मिळवून दिली ती जे. आर. फर्थ या इंग्रज अभ्यासकानं. १९२० च्या दशकात तो लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या सोबतीत वावरतो ते पाहा, असं त्याचं १९५७ सालचं म्हणणं. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. शब्दांचंही तसंच. पुढे जॉन सिंक्लेअर या अभ्यासकानं संगणकावर लाखो वाक्यं चाळली. त्याला आढळलं, की इंग्रजीत ‘सेट इन’ या क्रियापदाच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी वाईटच असतं. कुजणं ‘सेट इन’ होतं, निराशा ‘सेट इन’ होते. सुख सहसा होत नाही. क्रियापद दिसायला साधं, पण सोबतीनं त्याला रंग चढलेला.

चौघांची घरं वेगळी

इंग्रजीत धोक्याच्या घरचे चार शब्द रोज भेटतात: रिस्क, डेंजर, हॅझर्ड आणि थ्रेट. आपण चौघांनाही ‘धोका’ म्हणून मोकळे होतो. पण प्रत्येकाची सोबत पाहिली की स्वभाव कळतो.

‘रिस्क’ हाय असते, लो असते. ती वाढते, घटते, कमी करता येते. म्हणजे इंग्रजी माणूस रिस्ककडे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं पाहतो. पातळी किती, एवढाच प्रश्न. रिस्क शून्य असेल तर शब्दच वापरायचं कारण नाही, आणि शंभर टक्के असेल तर ती रिस्क उरत नाही, घटना होते.

‘डेंजर’चं तसं नाही. माणूस ‘इन डेंजर’ असतो किंवा ‘आउट ऑफ डेंजर’. टाकी गेली, आता खोली आली. तुम्ही आत आहात किंवा बाहेर. मराठीनं ही जोडी तशीच सांभाळली आहे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे असलेले नातेवाईक फोनवर सांगतात, “प्रकृती धोक्याबाहेर आहे.” ‘जोखमीबाहेर आहे’ असं कुणी म्हणत नाही. डेंजरच्या शेजारी येणारी विशेषणंही जवळिकीची असतात, ‘इमिनंट’ म्हणजे उंबरठ्यावर आलेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १९१९ मध्ये वापरलेली ‘क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर’ ही जोडी कायद्यात गाजली, ती याच अर्थानं. धोका स्पष्ट आहे आणि आत्ता, इथे आहे.

‘हॅझर्ड’ म्हणजे वस्तू किंवा परिस्थिती, जिच्यात इजा करायची ताकद आहे. ती इजा करेलच असं नाही. नागपूरकरांना हे वेगळं समजवायला नको. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, काही तासांत एवढा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. पाऊस आणि भरलेला तलाव हा हॅझर्ड सगळ्या शहराला एकच होता. नदीकाठच्या तळमजल्यावर झोपलेल्या कुटुंबाची रिस्क आणि दूर, उंचावरच्या चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाची रिस्क, यात मात्र जमीनअस्मानाचं अंतर. हॅझर्ड तुमच्यापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तर तुम्ही कितपत तग धरता, हे मिळून रिस्क ठरते.

हा फरक विसरला की काय होतं? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे. लगेच जगभर ‘सॉसेज सिगारेटइतकं घातक’ अशा अर्थाचे मथळे. पण ती यादी हॅझर्डची आहे. या पदार्थानं कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का आहे, एवढंच तो गट सांगतो. कितीजणांना होईल, ते सांगत नाही. साप विषारी आहे हे पक्कं ठाऊक असणं निराळं, आणि साप अंथरुणात आहे की महाराजबागेच्या पिंजऱ्यात आहे हे निराळं.

राहिला ‘थ्रेट’. त्याच्यामागे बहुधा कुणीतरी असतं, हेतू असतो. धमकी. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

‘रिअल’ आलं कुठून?

आता काकूंची ओळ. ‘रिअल रिस्क’ वाचल्यावर आपल्या डोक्यात ‘खरा धोका’ उमटतो, आणि मराठीत ‘खरा धोका’ म्हणजे मोठा धोका. ‘खरा धोका तर पुढेच आहे,’ असं आपण म्हणतो तेव्हा मागचं सगळं किरकोळ ठरवत असतो. इंग्रजी कायद्यातला ‘रिअल’ असा छाती पुढे काढून चालत नाही. त्याच्या विरुद्धचा शब्द ‘खोटा’ नाही, ‘छोटा’ तर नाहीच. त्याच्या विरुद्ध आहे ‘फॅन्सिफुल’, म्हणजे मनाचे खेळ, ओढूनताणून काढलेलं.

याची गोष्ट आहे सिडनी बंदरातली. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर ‘वॅगन माउंड’ नावाच्या जहाजातून, तेल भरताना हलगर्जीमुळे, भट्टीचं जाडं तेल पाण्यात सांडलं आणि तरंगत शेजारच्या धक्क्याकडे गेलं. तिथे वेल्डिंग चालू होतं. पाण्यावर पसरलेलं असलं तेल सहजी पेटत नाही, असा तेव्हाचा समज, आणि तो बऱ्यापैकी बरोबरही होता. पण वितळलेल्या धातूचा तुकडा पाण्यावर तरंगणाऱ्या कापसाच्या चिंध्यांवर पडला, चिंधीनं वातीचं काम केलं, आणि धक्का व तिथली जहाजं आगीत सापडली.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं, जिथे स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडची अपिलंही जायची. १९६१ मध्ये धक्क्याच्या मालकांचा दावा फेटाळला गेला, कारण अशी आग लागेल हे आधी ओळखता येण्यासारखं नव्हतं, असं तेव्हाच्या पुराव्यावरून मानलं गेलं. पण १९६६ मध्ये जळालेल्या जहाजांच्या मालकांच्या दाव्यात निकाल उलटा लागला. यावेळच्या पुराव्यातून दिसलं, की आगीची शक्यता अगदी थोडी होती, पण होती, आणि जहाजावरच्या जाणत्या इंजिनिअरच्या लक्षात ती यायला हवी होती. समंजस माणूस जी शक्यता ‘छे, काहीतरीच’ म्हणून झटकून टाकणार नाही, ती ‘रिअल रिस्क’. आणि तेल सांडू न देण्याला ना खर्च होता, ना कष्ट. मग थोड्याशा शक्यतेकडेही दुर्लक्ष करायला सबब उरत नाही.

म्हणजे धोका अगदी लहान असूनही ‘रिअल’ असू शकतो. ‘रेअर’ सांगतं किती वेळा घडतं. ‘रिअल’ सांगतं की याला कल्पनाविलास म्हणून उडवून लावू नका. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं. काकूंचा फॉर्म स्वतःशी भांडत नव्हता.

इंग्लंडच्या न्यायालयांनी पुढे हे शब्द किती जपून वापरले ते पाहण्यासारखं आहे. न्यायाधीश किंवा ज्युरर पक्षपाती असल्याचा संशय कधी ग्राह्य धरायचा, यासाठी १९९३ मध्ये कसोटी ठरली ‘रिअल डेंजर’ची. २००१ मध्ये तिची जागा ‘रिअल पॉसिबिलिटी’नं घेतली, म्हणजे बाहेरच्या, निःपक्षपाती, सगळी माहिती असलेल्या माणसाला पक्षपाताची रास्त शक्यता दिसते का. ‘रिअल’ तसाच राहिला, शेजारी बदलला, आणि कसोटी न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठून बाकावरच्या माणसाकडे आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजूनं हेच सांगितलं. अभिव्यक्तीवर बंधन घालायचं तर धोका दूरचा, तर्कावर उभा केलेला, ओढूनताणून आणलेला चालणार नाही. दारूगोळ्याच्या पिंपात ठिणगी पडावी, इतका त्याचा थेट संबंध हवा.

हे वकिली शब्दच्छल झाले, आम्हाला काय त्याचं?

हा आक्षेप काकूंच्या मुलानं घेतला, तोही पुण्याहून फोनवर. त्याला मी विचारलं, सीताबर्डीत गाडी लावतोस तेव्हा भिंतीवर काय लिहिलेलं असतं? ‘पार्किंग ॲट ओनर्स रिस्क.’ इथे धोका किती, याबद्दल एक अक्षरही नाही. इथे रिस्क म्हणजे जबाबदारी. आरसा गेला, पेट्रोल गेलं, आमच्याकडे येऊ नका. धोक्याचा शब्द वाटेल तिथे मोजमापाचा नसतो, कधी तो हात झटकण्याचा असतो.

म्हणून विशेषणाइतकंच क्रियापद पाहावं. ‘टेक अ रिस्क’ म्हणजे समजून उमजून घेतली. ‘रन अ रिस्क’ म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, तुम्हाला माहीत असो वा नसो. हेल्मेटशिवाय रिंग रोडवर जाणारा माणूस रिस्क ‘रन’ करत असतो, त्याला वाटतं आपण ‘टेक’ केली. ‘कॅरी’ आलं की रिस्क त्या गोष्टीच्या पोटातच आहे. ऑपरेशन रिस्क ‘कॅरी’ करतं, म्हणजे डॉक्टर कितीही हुशार असला तरी ती सोबत येणारच. आणि ‘ॲक्सेप्ट’ किंवा ‘अझ्यूम’ आलं की सावध व्हा, तिथे बहुतेक तुमची सही मागितलेली असते.

मराठीत हा जबाबदारीचा अर्थ जोखीम या शब्दात पूर्वीपासून आहे. जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. वाटेत माल बुडाला तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याच्या अंगावर. एकाच कागदात उधारी आणि विमा दोन्ही. धोका कुणाच्या डोक्यावर, हे त्या हुंडीच्या नावातच सांगितलेलं. आजही आपण जोखीम ‘पत्करतो’, ‘उचलतो’, ती ‘अंगावर घेतो’. सगळी ओझ्याची क्रियापदं. धोका मात्र ‘असतो’, ‘संभवतो’, ‘टळतो’. विम्याच्या पॉलिसीचं भाषांतर करताना मी ‘रिस्क’ला शक्यतो ‘जोखीम’च ठेवते, ती या कारणानं.

एक जोडी, सतरा अर्थ

शब्दजोड्यांनी भल्याभल्यांना गंडवलं आहे. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या एका अहवालात लिहिलं गेलं, की सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. शर्मन केंट हा त्या कामातला वरिष्ठ विश्लेषक. परराष्ट्र खात्यातल्या एकानं त्याला सहज विचारलं, तुमच्या मते म्हणजे किती? केंट म्हणाला, साधारण शंभरात ६५. समोरचा दचकला, त्यानं बरंच कमी धरलं होतं. मग केंटनं आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, ज्यांनी एकमतानं त्या मजकुराला मान्यता दिली होती. कुणाच्या मनात शंभरात २० होते, कुणाच्या ८०. शब्दांवर एकमत, अर्थावर कुणाचंच नाही.

दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, क्यूबावरच्या बे ऑफ पिग्ज मोहिमेआधी लष्करी तज्ज्ञांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना कळवलं की योजनेला यशाची ‘फेअर चान्स’ आहे. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात होतं, अपयशाची शक्यता यशाच्या तिप्पट. वाचणाऱ्याला ‘फेअर’मध्ये बऱ्यापैकी आशा दिसली. मोहीम फसली. अर्थात ती एका विशेषणामुळे फसली असं म्हणणं बाळबोध होईल, पण त्या विशेषणानं कुणाला थांबवलं नाही एवढं खरं.

केंटनं पुढे शब्दांना आकडे बांधायचा प्रयत्न केला. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे शंभरात ९३ च्या आसपास, ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५, असा तक्ताच केला आणि १९६४ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्याच्या ऑफिसात दोन तट पडले. त्यांना तो गणिती आणि कवी म्हणायचा. कवींना आकड्यात बांधून घेणं मानवत नसे. (मराठी वर्तमानपत्रांत ‘दाट शक्यता’ लिहिणारे सगळे कवीच. धुकं दाट, वस्ती दाट आणि शक्यताही दाट. सुंदर जोडी आहे, पण दाट म्हणजे किती, ते विचारू नका.)

‘वाढलेला धोका’: कशापेक्षा?

माझ्या मते सगळ्यांत फसवी जोडी ही आहे: ‘इन्क्रीज्ड रिस्क’. तिची मोठी बहीण ‘डबल द रिस्क’.

१९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये सरकारी समितीनं इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे शंभर टक्क्यांनी वाढ. बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या सोडल्या. आकडा काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांत एकीला गुठळी होई, नव्या घेणाऱ्या सात हजारांत दोघींना. दुप्पट हे खरंच होतं. पण एकाचे दोन, सात हजारांत. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्यात आणखी कडू गंमत अशी, की गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

गोकुळपेठेच्या बाजारात कुणी म्हणालं, “सांभार दुप्पट महाग झाला,” तर आपला पहिला प्रश्न असतो, “कितीला होता?” कोथिंबिरीच्या जुडीला जो प्रश्न विचारतो, तो धोक्याच्या बातमीला विचारत नाही. ‘आधी कितीपैकी किती, आता कितीपैकी किती’ एवढं कळेपर्यंत ‘दुप्पट’ या शब्दाला काही वजन नाही.

मग सरळ आकडेच द्या ना, शब्द कशाला?

रास्त आक्षेप. बरेच ठिकाणी तसं झालंही आहे, म्हणजे शब्द ठेवले पण त्यांना आकड्याचा खुंटा ठोकला.

हवामान खात्याचं पाहा. ‘हेवी रेन’ ही रोजच्या बोलण्यातली जोडी. बुलेटिनमध्ये तिचा अर्थ बांधलेला: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘व्हेरी हेवी’ त्यापुढे २०४.४ पर्यंत, आणि त्याहून जास्त म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. ‘आयसोलेटेड प्लेसेस’, ज्याला आपल्या बातम्या ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात, म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. त्यामुळे ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार’ ऐकून नागपूरच्या सदर भागात छत्री घेऊन फिरणारा माणूस कोरडा राहिला, तर खातं चुकलंच असं होत नाही. पाऊस गोंदियाला पडून गेला असेल. उन्हाचंही तसंच. मैदानी भागात ‘हीट वेव्ह’ म्हणायला पारा किमान ४० वर हवा आणि नेहमीपेक्षा ४.५ अंश तरी वर, किंवा सरळ ४५ किंवा त्यापुढे. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदले गेले. त्या दिवशी शब्द शोधायची गरज नव्हती.

युरोपात औषधाच्या चिठ्ठीवर ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना, ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना, असं ठरलेलं आहे. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के. आपल्या सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, म्युच्युअल फंडांसाठी जोखमीची पातळी दाखवणारा रिस्कोमीटर आणला. २०२१ पासून त्यावर सहा पायऱ्या आहेत, ‘लो’पासून ‘व्हेरी हाय’पर्यंत. मध्ये एक ‘मॉडरेटली हाय’ आहे, तिला मराठीत काय म्हणायचं यावर माझे दोन दिवस गेले. ‘मध्यम-उच्च’ लिहिलं शेवटी. पोह्यावर तर्री मध्यम-तिखट मागितल्यावर मिळते तेवढीच अचूक.

पण खुंटा ठोकूनही अडचण संपत नाही. शब्दाला रोजच्या वापरातून लागलेला गुण जात नाही. ‘कॉमन’ वाचणाऱ्याच्या मनात शंभरात पाच येत नाहीत, पंचवीस-तीस येतात. शिवाय दरवेळी आकडा असतोच असंही नाही. युद्ध होईल का, याची हजार उदाहरणं मोजून सरासरी काढता येत नाही. आणि एकट्या आकड्यानं माणूस हलत नाही. पुराच्या रात्री ‘आपल्या भागात पाणी शिरण्याची शक्यता ३७ टक्के’ असा मेसेज आला, तर गाडी वर काढायची की झोपायचं? तिथे ‘रेड अलर्ट’ ही दोन शब्दांची जोडीच कामाची, कारण तिच्यात आकडा नसला तरी ‘आता काहीतरी करा’ एवढं स्पष्ट असतं.

मराठीत वाचलं तर घोळ टळेल?

निम्माच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आहे. त्यावर लाल पाटी, कवटी आणि हाडं, आणि तीन शब्द एकाखाली एक: धोका, खतरा, डेंजर. एकदा छिंदवाड्याहून आलेल्या पाहुण्यांनी पाटी वाचून विचारलं, “इसमें धोखा किसने दिया?” हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, मराठीत धोका म्हणजे संकट. नागपुरात दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात, त्यामुळे ‘मला धोका झाला’ याचा अर्थ कुणी म्हटलं यावरून लावावा लागतो. त्या पाटीला टेकून आमचा प्रेसवाला इस्त्री केलेले शर्ट टांगतो. अकरा हजार व्होल्ट हा हॅझर्ड त्याच्यासाठी रोजच्या ओळखीचा शेजारी झालाय. त्याला या लेखाचा उपयोग नाही, दोनदा सांगून पाहिलं.

भाषांतरातही गळती होते. ‘सीरियस’, ‘ग्रेव्ह’, ‘सिव्हिअर’ तिघांनाही आम्ही ‘गंभीर’ करून टाकतो. ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स’चं ‘बाजार जोखमींच्या अधीन’ झालं, आणि ऐकणाऱ्याच्या कानात ‘अधीन’ एवढाच जड शब्द राहिला. ‘बाजार पडला तर तुमचे पैसेही कमी होतील’ हे साधं वाक्य कुणी बोलत नाही. ‘रिअल रिस्क’ मी स्वतः एकेकाळी ‘खरा धोका’ लिहीत होते. आता ‘दुर्लक्ष करण्याजोगा नसलेला धोका’ लिहिते. लांबलचक आहे, कानाला बरं नाही, पण वाचणारा भलत्या दिशेनं जात नाही. कुणाला याहून आटोपशीर जोडी सुचली तर मला हवी आहे.

त्या संध्याकाळी काकूंनी चहाचा कप बाजूला सारला आणि फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: कितीपैकी किती? यांच्या वयाला, यांच्या शुगरला किती? आणि ऑपरेशन नाही केलं तर किती? तिसरा प्रश्न त्यांचा त्यांना सुचला, मी सांगितला नव्हता. आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा होता, कारण फॉर्मवर करण्याचे धोके दोन पानं भरून लिहिलेले असतात, न करण्याच्या धोक्याला एक ओळही नसते.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांना भेटून आल्या. तिन्ही उत्तरं मिळाली, आकड्यांसकट, पाच मिनिटांत. आकडे काकांचे आहेत, ते इथे लिहीत नाही. काकू सही करून आल्या. शनिवारी ऑपरेशन आहे, त्या दिवसाचा डबा माझ्याकडे.